रविवारची फलाट तिकिटं

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

मोहिनी काल सकाळी नागपूरला गेली. मुलीकडे, ऋचाकडे, आठ दिवस. मी स्टेशनवर सोडायला चपला घालत होतो, तर म्हणाली, "तुम्ही कशाला? ऑटो बोलावलाय." बरंच झालं. झाशीच्या एका संग्राहकाचा फोन यायचा होता.

घर शांत आहे. जेवणाचं टेबल पूर्ण मोकळं मिळालं, म्हणून आज पहिल्यांदाच माझी सगळी पुठ्ठ्याची तिकिटं एका वेळी मांडून पाहिली. जिल्हा परिषदेच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढली, तेव्हा हे कधी जमलं नव्हतं. अंगठ्याहून जरा मोठा पुठ्ठा, वर स्टेशनांची नावं, कडेला यंत्रानं दाबून उठवलेली तारीख. बोट फिरवलं तर लागते. डोळे मिटले की खिडकीपलीकडचा बाबू तिकीट यंत्रात सारतो, खट् आवाज होतो, आणि मी निघालेला असतो. आज दुपारभर असाच निघालो होतो. बडनेरा, मूर्तिजापूर, पुढे कुठेतरी उन्हात चमकणारी नदी. चहा करायचा राहून गेला.

आमच्या दोघांचं रामेश्वरचं आरक्षण रद्द केल्याचं मोहिनीला शुक्रवारी सांगितलं. वाचनालयात माझ्या संग्रहाचं प्रदर्शन ठरलंय, १५ ते १७ नोव्हेंबर, आणि नेमके तेच दिवस. प्रभाकररावांनी, म्हणजे वाचनालयाच्या चिटणीसांनी, फार मनावर घेऊन सभागृह मिळवलं. रामेश्वर काही कुठे पळून जात नाही. तिनं ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, थोडी कुरकुर करेल. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस समजूतदार होतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

वर्ध्याहून पुलगावला जाऊन आलो. स्टेशनच्या मागे साहिलचं भंगाराचं दुकान आहे. रेल्वेचं काही आलं की तो माझ्यासाठी बाजूला ठेवतो. आजवर दोन कंदील, एक शिट्टी आणि गार्डाच्या कोटाची बटणं त्यानंच दिली.

"काका, तुमच्या कामाचं आलं हाय," म्हणाला, आणि बिस्किटाचा एक गोल पत्र्याचा डबा पुढे केला. आत सुतळीनं बांधलेली फलाट तिकिटं. पुठ्ठ्याची, सगळी पुलगावचीच.

"कोणी दिलं?"

"दिवाळीच्या सफाईचं निघालं असन. एक बुढा सायकलवर आला आन् देऊन गेला. मी डबा उघडून राह्यलो तर म्हणे, माझ्यासमोर नको. पैशे पण नाई घेतले."

फलाट तिकिटांना आम्हा संग्राहकांत फारसा मान नाही. ज्याला कुठे जायचंच नाही, त्याचं तिकीट. तरी घेऊन आलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

सुतळी सोडली, तिकिटं तारखेनं लावली. एकतीस निघाली. पहिलं १५ जुलै १९८४ चं, शेवटचं ३ मार्च १९८५ चं. जुनं कॅलेंडर मोबाइलवर काढून पडताळलं. प्रत्येक तारीख रविवारची आहे. मधले तीन रविवार तेवढे नाहीत, ती तिकिटं हरवली असावीत.

मग एक उलटं केलं. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं : "नाई आली."

दुसरं उलटं केलं. "नाई आली." तिसरं. चौथं. एकच अक्षर, जड हाताचं. काहींवर आणखी दोन शब्द. "पाऊस. नाई आली." "आर्वीची गाडी दोन तास लेट. नाई आली." "वांगे घेऊन ठेवले होते. नाई आली." एकावर, "हिरव्या लुगड्याची दुसरीच निघाली."

शेवटच्या तिकिटामागे मात्र काहीच नाही. कोरं.

त्या काळी आर्वीकडची छोटी गाडी पुलगावला यायची. हा माणूस दर रविवारी फलाट तिकीट काढून कोणा एकीची वाट पाहत उभा राहायचा. आणि ३ मार्चला त्यानं आशाच सोडली, लिहायचंही सोडलं. बहुधा ती वारल्याचं कळलं असेल. किंवा तिचं लग्न झालं असेल. मी बराच वेळ ते कोरं तिकीट हातात धरून बसलो होतो. खिडकीतून ऊन टेबलावर आलं, तिकिटांवरून सरकत सरकत पलीकडे गेलं, आणि त्या सगळ्या वेळात मी चाळीस वर्षांपूर्वीच्या एका फलाटावर होतो. कोळशाचा वासही आला.

एवढे महिने एखाद्याला ताटकळत ठेवायचं आणि यायचं नाही, म्हणजे कमाल आहे माणसाची.

दुपारी मोहिनीचा फोन वाजला होता. हातात तिकिटं होती म्हणून घेतला नाही. करेल पुन्हा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

ऋचाचा फोन. "बाबा, आई अजून थोडे दिवस राहतेय."

"राहू दे की. तुला मदत होते. तिला विचार, पातळ दुलई कुठे ठेवलीय."

ती म्हणाली, "तुम्हीच विचारा ना. आईला फोन करा."

मी म्हटलं, कामात असेल. ऋचाचा आवाज मला थकलेला वाटला. जावईबापू मिहिर फिरतीवर असतात, सगळं तिच्यावर पडतं. मोहिनी तिथे आहे तेच बरं.

संध्याकाळी प्रभाकररावांना डब्यातली तिकिटं दाखवली. त्यांनी एकेक उलटून वाचलं. म्हणाले, "अच्युतराव, प्रदर्शनाच्या मधोमध हीच लावा. बाकीचं लोक विसरतील, हे नाही विसरणार." मलाही तेच वाटत होतं. काळ्या फलकावर चार ओळी करायच्या, आणि मध्ये ते कोरं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

ऋचानं दिवाळीला नागपूरला बोलावलं होतं. पण सणाचं घर बंद कसं ठेवायचं? एकट्यानंच पूजा केली. पणत्या चार लावल्या. मोहिनी किती लावते ते कधी मोजलं नव्हतं, पण अंगण आज फारच मोठं दिसलं. दुलई अजून सापडली नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

फलकावर लावायला त्या छोट्या गाडीच्या वाटेचा एखादा फोटो हवा, म्हणून आर्वीच्या बसनं गेलो आणि मध्येच एका खेड्याशी उतरलो. तिथे पूर्वी गाडी थांबायची. आता एक चौथरा उरलाय, बाजूला कडुनिंब, आणि झुडपांतून सरळ गेलेली एक रेघ. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला.

फोटो काढले आणि निंबाखाली टेकलो. ऊन मऊ होतं. कधी डोळा लागला कळलं नाही. कापसातून गाडी आली, आवाज न करता, खेळण्यातल्यासारखी छोटी. थांबली. माझ्या हातात फलाट तिकीट होतं आणि ते ओलं झालं होतं. शेवटच्या डब्यातून हिरव्या लुगड्यातली एक बाई उतरली आणि माझ्याकडे पाठ करून चालू लागली. मी मागून भराभर निघालो, पण चौथरा संपतच नव्हता. शेळीच्या घुंगरानं जाग आली.

चेहरा दिसला नाही. चालण्याची ढब तेवढी ओळखीची वाटली. कोणाची, ते परतीच्या बसमध्येही आठवलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

साहिलचा सकाळीच फोन. "काका, तो डबेवाला बुढा भेटला. मनोहरराव नाव हाय. मिलमधी होता. तुमच्याशी बोलतो म्हणे, पण घरी नको."

पुलगाव स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटलो. पंचाहत्तरीपुढचे गृहस्थ, पांढरी टोपी, सायकल हातातच. बाकावर बसले तरी एक हात सायकलीच्या सीटवर. मी डबा दाखवला तसे त्यांनी आधी मागेपुढे पाहिलं.

"हे तुमचंच अक्षर ना?" मी विचारलं.

"हाव."

मी फार जपून विचारलं, "मग त्या... कधी आल्याच नाहीत?"

ते हसायला लागले. "घरी बसून मेथी निसून राह्यली."

इतके दिवस मी त्या बाईला मनातल्या मनात मारून टाकलं होतं.

"माझीच बायको होय, मंदा," ते म्हणाले. "तिच्या भावाचं लग्न होतं तिकडं माहेरी, आर्वीजवळ. मी गेलो नाई. मिलमधी सुट्टी नाई भेटत म्हटलं. मांगितली असती तं भेटली असती. ते एकटी गेली आन् मंग आलीच नाई."

"तुम्ही न्यायला नाही गेलात?"

"काऊन जाऊ? गेली तशी येईन, असं वाटे. जवान होतो, ताठा होता. पण इतवारी उठलो का पाय इकडंच. गाडी ये, सारे लोक उतरत, मी पाहो, आन् घरी जाऊन सैंपाक करो."

"आणि हे शेवटचं? यावर काही लिहिलं नाही तुम्ही."

"त्या दिशी आली ना ती. तिची मावशी वारली होती अथीसा, पुलगावात, मातीले आली. मले पाहून म्हणे, तुम्ही काऊन इथं? म्हटलं, मिलचं पार्सल सोडवाले आलो." त्यांनी चहा बशीत ओतला. "मंग तिची पेटी होती हातात. लिहू कायनं?"

चाळीस वर्षं झाली, मंदाबाई घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, यायनं मले न्यायले एक डाव बी पाय टाकला नाई. मनोहरराव ऐकून घेतात. यंदा मंदाबाईंनी माळा झाडायला काढला, तेव्हा डबा सापडेल या भीतीनं त्यांनी तो भंगारात नेऊन टाकला.

मी म्हटलं, "अहो, पण दाखवा ना त्यांना. तुम्ही गेला होतात, हा पुरावा आहे."

"टेसनापरेंत गेलो, साहेब. तिच्या गावापरेंत नाई गेलो. ते म्हणते ते खरंच हाय." मग सहज विचारावं तसं, "तुमच्या घरी कोण कोण?"

"मी आणि पत्नी. ती सध्या नागपूरला असते, मुलीकडे."

"कवापासून?"

"झाला असेल महिना."

त्यांनी बशी खाली ठेवली. "न्यायले गेलते?"

"तसं काही नाही. ती नुसती राहायला गेलीय."

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, ऐकू कमी येत असावं. मग उठले. "कोणाले दाखवू नका हे तिकिटं. माझं एवढं ऐका."

मी हो म्हणालो. म्हणायला नको होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस त्याच विचारात आहे. नाव न देता लावली तर काय बिघडतं? पुलगावची माणसं वर्ध्याच्या वाचनालयात कशाला येतील? असा संग्रह देशात कोणाकडे नसेल. झाशीवाले तर फोनवर दोनदा म्हणाले, विकायचा झाला तर आधी मला सांगा. फलक तयार आहे. तिकिटं लावून, काढून, पुन्हा लावून झाली.

आज मी होऊन मोहिनीला फोन केला. दुलईचं विचारलं. म्हणाली, "दिवाणात, डाव्या बाजूला."

"बरं."

"आणखी काही?"

"नाही. काही नाही."

ती लगेच ठेवेल असं वाटलं, पण तिनं ठेवला नाही. मीही काय बोलावं ते शोधत होतो. प्रदर्शनाचं सांगावं तर ते नको वाटलं. मग तिनंच ठेवला.

दुलई दिवाणात डाव्या बाजूलाच होती. तिथे मी तीनदा पाहिलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

तिकिटं परत देऊन आलो.

काल रात्री ठरवलं, सकाळी बदललं, तरी बसमध्ये बसलो. साहिलनं घर दाखवलं. दार मंदाबाईंनी उघडलं. ठेंगण्या, केस सगळे पांढरे, आवाज खणखणीत.

"ते दवाखान्यात गेले, डोळे दाखवाले. कोण तुम्ही?"

मी म्हटलं, पुन्हा येतो. पण त्यांची नजर माझ्या हातातल्या डब्यावर गेली. "हा तं आमच्या माळ्यावरचा डबा होय. मी महिन्यापासून पाहून राह्यली याले. भाकरीच्या पिठाले होतो." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी तो घेऊन उघडलाही.

मी उंबऱ्यात तसाच उभा. मंदाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, बोट ठेवून वाचतात. एक वाचलं, बाजूला ठेवलं. दुसरं वाचलं. खाटेवर बसल्या आणि सगळी वाचली, एकही न गाळता. मध्ये एकदा म्हणाल्या, "हिरव्या लुगड्याची आमची शेवंता असन. ते जाये पुलगावले बजाराले." मला बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही, आणि मलाही बसायचं.

शेवटी डोळ्याला पदर लावला. पण रडत नव्हत्या.

"मी बी जाओ इतवारी," म्हणाल्या. "आमच्या गावच्या टेसनावर. पुलगावची गाडी ये ना, त्या गाडीनं हे येतीन न्यायले, असं वाटे. माय म्हणे, काऊन चालली वं? मी म्हणो, शेण वेचाले."

त्यांनी तिकिटं पहिल्यासारखी बांधली. सुतळीची गाठ दातानं ओढली. "एक डाव म्हणाले असते पार्सल गिर्सल नाई, तुले पाहाले आलो, तं काय झालं असतं?"

मी म्हटलं, "आता विचारा की."

"आता नाई विचारत." डबा त्यांनी धान्याच्या कोठीमागे सरकवला. "त्यायले सांगू नका मी पाह्यलं म्हणून. त्यायनं इतकं जपलं, तं राहू द्या त्यायच्याजवळ." मग मला न जेवता निघू दिलं नाही. मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकर. मी जेवत असताना त्या समोर बसून होत्या, पण पाहत होत्या दाराबाहेर, सायकल येईल त्या बाजूला.

आता दोघांचीही गुपितं माझ्याकडे आहेत आणि तिकीट एकही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रदर्शनाचा पहिला दिवस. गर्दी चांगली झाली. शाळेची मुलं आली, निवृत्त गार्ड आले, एकानं हिंगणघाटहून आजोबांचा पास आणून दाखवला. मधला काळा फलक प्रभाकररावांनी काढून तिथे झेंडूची कुंडी ठेवली. ते दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते, आज सैलावले.

दुपारी म्हणाले, "वहिनी नाही दिसल्या?"

"नागपूरला आहे."

"आजही?"

साधा प्रश्न होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एकदम मोजलंच मनात. ती ४ ऑक्टोबरच्या शनिवारी गेली. आज सातवा शनिवार. ती आठ दिवसांसाठी गेली, असं मी या वहीत लिहिलंय. मागे जाऊन वाचलं. ऑटो तिनं मला न विचारता आधीच बोलावला होता, हे मी स्वतःच्या हातानं लिहिलंय.

उद्या प्रदर्शनाचा दुसरा दिवस, रविवार, सर्वांत जास्त लोक येतील. किल्ल्या प्रभाकररावांकडे देऊन आलो. त्यांनी कारण विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

नागपूर. ऋचाच्या घरी, बाहेरच्या खोलीत लिहितोय.

दार मोहिनीनंच उघडलं. केस कापलेत तिनं, खांद्यापर्यंत. मला ओळखायला अर्धा क्षण लागला आणि तो तिला कळला.

"आज तुमचं प्रदर्शन ना?"

"हो."

"मग कशाला आलात?"

वाटेत मी तीन-चार वाक्यं जुळवली होती. दुलईचं एक होतं. पण दारात उभं राहिल्यावर म्हटलं, "तुला न्यायला आलो."

"मी येते म्हणाले होते का?"

"नाही."

ती आत गेली. मी पायपुसण्यावर उभा. ऋचा स्वयंपाकघरातून डोकावली आणि पटकन मागे सरली. मोहिनी पाण्याचा पेला घेऊन आली. मी पाणी पिईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "पस्तीस वर्षांत मी तुमच्याबरोबर किती वेळा गाडीत बसले, माहीत आहे? नऊ वेळा. त्यात चार वेळा मयतीला."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"नसणारच." पेला परत घेतला. "मी इतक्यात नाही येणार. गुरुवारी माझं पोहणं असतं."

"काय असतं?"

"पोहणं. शिकतेय मी."

मला हसू आलं नाही, याचं मलाच नवल वाटलं. म्हटलं, "मग मी गुरुवारपर्यंत थांबू?"

ती पेला आत ठेवून आली आणि म्हणाली, "दिवाणावर झोपावं लागेल."

२० नोव्हेंबर, गुरुवार

तलावाच्या जाळीबाहेर एक सिमेंटचा बाक आहे. दुपारची तीनची बायकांची बॅच. मोहिनीनं पिशवी आणि चष्मा माझ्याकडे दिला आणि एकदाही मागे न पाहता आत गेली.

पाणी इतकं निळं होतं की नजर ठरत नव्हती. ऊन तळापर्यंत जाऊन हलत होतं. आठ-दहा बायका, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच टोप्या, कोण कुठली कळेना. मी एकेक टोपी पाहत राहिलो. मग कडेपासून एक सुटली. पाय फार आपटत होती, हात मात्र सावकाश, समजून टाकलेले. मध्यावर जरा खाली गेली. मी उठून उभा राहिलो, जाळी धरली. ती पुन्हा वर आली आणि पलीकडची कड तिनं पकडली.

तिथे लटकून ती श्वास घेत होती. मग वळली, डोळ्यांवरचं पाणी हातानं पुसलं, आणि चष्म्याशिवाय बारीक डोळे करून बाकाच्या दिशेनं शोधू लागली.

मी हात वर केला आणि तिला दिसेपर्यंत खाली घेतला नाही.